स्वमग्न मूल मोठेही होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागृती दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख आमच्या घरात तिघांनी वेगवेगळा वाचला. लक्षणे लवकर ओळखावीत, वेळ दवडू नये, हा त्यातील आग्रह योग्यच आहे. मात्र पाच वर्षांच्या आत जे व्हायचे ते होते, नंतर फारसे काही साधत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. माझ्या सुनेने पुरवणी घडी करून बाजूला ठेवली आणि मला विचारले, "आप्पा, म्हणजे आपली वेळ केव्हाच टळली का?" माझा नातू आज पंधरा वर्षांचा आहे. त्याचे निदान साडेतीन वर्षांचा असताना झाले आणि त्याच्या वाढीतील मोठे बदल मी स्वतः पाहिले ते बहुतेक सगळे सहाव्या वर्षानंतरचे आहेत. म्हणून हे पत्र लिहीत आहे. चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले, त्यामुळे लिहिताना थोडा विस्तार होतो. तो सांभाळून घ्यावा.

आधी माझी चूक सांगतो. नातू वर्षाचा झाला तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसे, पण शेजारच्या खोलीत कुरमुऱ्याची पिशवी उघडली की धावत येई. ऐकू येत नसते तर तो आला नसता, आणि ऐकू येत होते तर हाकेला का वळत नव्हता, हा साधा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला पडायला हवा होता. तो पडला त्याच्या आईला. मी तिला सांगत राहिलो की मुलगे उशिरा बोलतात, याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता. दरम्यान घरात आणि गल्लीत जे सांगितले जाते ते सगळे झाले. जिभेला वेखंड लावून झाले, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालून झाला, जोतिबाला नवस बोलून झाला. दीड वर्षाचा असताना तो 'मामा', 'भूभू', 'दे' असे सात-आठ शब्द बोलत होता. ते पुढच्या चार-पाच महिन्यांत एकेक करून गेले. आलेले शब्द जाणे ही गोष्ट कोणत्याही वयात, कोणत्याही मुलाच्या बाबतीत त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाण्याची आहे, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा मी म्हणालो की दात येताहेत.

आणखी एक खूण सांगतो, कारण ती बोलण्यापेक्षाही आधी दिसते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर संध्याकाळी जाऊन बसावे आणि सव्वा-दीड वर्षाची मुले पाहावीत. घोडा दिसला की मूल बोट दाखवते, मग वळून आईच्या तोंडाकडे पाहते आणि पुन्हा घोड्याकडे. त्याला घोडा हवा असतो असे नाही. आईनेही तो पाहावा, एवढेच त्याला हवे असते. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहणे ही पुढच्या सगळ्या भाषेची आणि मैत्रीची पायरी आहे. आमचा नातू बोट दाखवत नसे. बिस्किटे हवी असली की तो माझे मनगट धरून मला कपाटापर्यंत नेई आणि माझा हात कडीवर ठेवी, चेहऱ्याकडे न पाहता. आम्ही त्याचे कौतुक करत होतो, 'किती हुशार आहे बघा' म्हणून.

शेवटी कानांची तपासणी झाली, ती व्यवस्थित निघाली, आणि बालविकास तज्ज्ञांनी भारतीय मापनश्रेणीवर त्याची चाचणी घेतली. या श्रेणीत चाळीस बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि एकूण सत्तर किंवा त्याहून अधिक गुण झाले तर स्वमग्नता मानतात. हीच श्रेणी सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठीही वापरली जाते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी सरकारी खर्चाने होते, हे अंगणवाडीताईंनी आम्हाला सांगितले. घरातल्या तीन पदवीधरांना ते माहीत नव्हते.

निदानानंतर घराघरांत जे होते तेच आमच्याकडे झाले, म्हणजे दोष कोणाचा याची चौकशी सुरू झाली, आणि ती सुनेच्या दारात येऊन थांबली. ती नोकरी करत होती, तिने मोबाईल दाखवला, तिने लस टोचून आणली. लसीचे कुभांड १९९८ साली इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापासून पसरले. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासूनही काही संबंध सापडला नाही. आई मायेने वागली नाही म्हणून मूल असे झाले, हा सिद्धांत तर पाश्चात्त्य देशांतील मानसोपचारात काही दशके प्रतिष्ठेने वावरत होता आणि विसाव्या शतकातच तो मोडीत निघाला. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मेंदूची जडणघडण गर्भातच वेगळी होऊ लागते, एवढे निश्चित आहे. सुनेची क्षमा मी मागितली आहे. येथे ती छापली जावी, अशीही इच्छा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाचव्या वर्षी आमच्या नातवाकडे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते. साडेसहाव्या वर्षी तो बोलू लागला तो रेल्वे स्थानकावरच्या ध्वनिक्षेपकाच्या आवाजात. 'यात्रीगण कृपया ध्यान दें' असे तो सकाळ-संध्याकाळ म्हणे, आणि आम्ही समजलो की हे निव्वळ पोपटपंचीचे बोलणे आहे. त्याच्या वाणी-उपचार करणाऱ्या ताईंनी आम्हाला पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली: काय म्हणाला, केव्हा म्हणाला, आधी काय घडले होते. वही पाहिल्यावर लक्षात आले की बाहेर जायची वेळ झाली, कोणी चपला घातल्या, की हे वाक्य येते. 'चला, निघायचे' हे तो त्याला सापडलेल्या शब्दांत सांगत होता. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उचलणे हा अनेक स्वमग्न मुलांचा भाषेत शिरण्याचा मार्ग असतो. आधी अख्खे वाक्य येते, मग त्याचे तुकडे पडतात, मग ते तुकडे नव्याने जोडले जातात. आठव्या वर्षी 'आजी कृपया ध्यान दें, भूक' हे त्याचे पहिले स्वतः जुळवलेले वाक्य आले. आजीने त्या दिवशी शिरा केला.

हा आमच्या घरापुरता चमत्कार नव्हे. २०१३ साली अमेरिकेत ५३५ स्वमग्न मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी ज्यांना दोन-तीन शब्द जोडून बोलता येत नव्हते, अशीच मुले त्यात घेतली होती. ती आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर पाहिले, तेव्हा त्यांतील ७० टक्के मुले शब्द जोडून बोलत होती आणि ४७ टक्के अस्खलित बोलत होती. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सुमारे सात हजार मुलांच्या तीन ते चौदा वर्षे वयातील नोंदींवरून असे दिसले होते की संवाद आणि लोकांत मिसळणे या बाबतींत बहुतेक मुले वयाबरोबर पुढे जातात, पुनःपुन्हा तेच करण्याची सवय मात्र फारशी बदलत नाही. आणि अगदी मागून सुरुवात करून फार पुढे जाणारी मुले साधारण दहांत एक असतात. मात्र त्या अभ्यासातली मला बोचणारी गोष्ट वेगळी आहे. अशी झेप घेणाऱ्या मुलांच्या आया अधिक शिकलेल्या असण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे मूल किती पुढे जाईल हे काही प्रमाणात त्याच्या मेंदूवर ठरते आणि काही प्रमाणात त्याच्या पत्त्यावर. राजारामपुरीतल्या मुलाला आठवड्यातून तीनदा थेरपी मिळते आणि गगनबावड्याकडच्या वाडीवरल्या मुलाची आई महिन्यातून एकदा एसटीने त्याला शहरात आणते, यात मुलाच्या क्षमतेचा प्रश्न कुठे येतो?

काही मुलांना वाचा येतच नाही, हेही लपवू नये. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते आहेत, टॅबलेटवर बोट ठेवले की बोलणारी साधने आहेत. चित्रे दिली तर मूल बोलायचा आळस करील, ही भीती निराधार आहे. उलट काहींना त्यातूनच शब्द येतात.

येथे एक शब्दाविषयीची तक्रार. 'स्वमग्न' हा शब्द कानाला गोड आहे, पण तो मूल स्वतःतच बुडालेले आहे असे सुचवतो. आमचा नातू स्वतःत नव्हे, जगात बुडालेला असतो. पंख्याच्या पात्यांत, पावसाळी पन्हाळीच्या आवाजात, केएमटीच्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, फलकांत तो इतका शिरतो की आपण बाजूला उभे आहोत हे त्याच्या गावीही नसते. शब्द आता रूढ झाला आहे, म्हणून मीही तोच वापरतो.

अकराव्या वर्षापासून पुढचा काळ हा या पत्राचा खरा विषय आहे, आणि त्यावर मराठीत फार थोडे लिहिले जाते. स्वमग्न मुलाचे शरीर इतर मुलांसारखेच, त्याच वेळेला वयात येते. समाजात वावरण्याची समज मागे राहिली म्हणून शरीर तिच्यासाठी थांबत नाही. पाच वर्षांचा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्या बाईच्या पदराचा जरीचा काठ बोटांनी चोळत बसला, तर लोक हसून गालाला हात लावतात. आमच्या नातवाला काठाचा तो स्पर्श फार आवडे, आणि आम्हीही तो कधी थांबवला नाही. तेराव्या वर्षी, मिसरूड फुटलेली असताना, महाद्वार रोडवरच्या गर्दीत त्याने एका अनोळखी बाईंचा पदर तसाच धरला. त्या ओरडल्या, माणसे जमली, एकाने हात उगारला. त्या बाईंचे काहीच चुकले नाही. चुकले आमचे, कारण जी सवय तेराव्या वर्षी चालणार नव्हती, ती सातव्या वर्षीच बदलायला हवी होती. त्या दिवसानंतर त्याच्या खिशात पैठणीच्या काठाचा एक वीतभर तुकडा असतो. हात शिवशिवले की तो चोळतो. हा उपाय इतका सोपा होता की तो सुचायला सहा वर्षे आणि एक फजिती लागावी, याची लाज वाटते.

वयात येण्याची तयारी आठव्या-नवव्या वर्षापासून करावी लागते, आणि ती ठोस, उघड शब्दांत करावी लागते. 'नीट वाग' या सूचनेचा अर्थ या मुलांना लागत नाही; 'दुसऱ्या माणसापासून एक हात अंतरावर उभे राहा' याचा लागतो. कपडे कुठे बदलायचे, दार केव्हा लावायचे, शरीराच्या कोणत्या भागाला कोणी हात लावायचा नाही आणि लावला तर कोणाला सांगायचे, हे चित्रांतून क्रमाने शिकवता येते. आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या आईने पाळी येण्याच्या वर्षभर आधीपासून तिला आठवड्यातून एक दिवस पॅड लावून बसण्याची सवय केली, कारण कापडाची शिवण टोचते म्हणून अंगातले कपडे काढून टाकणाऱ्या मुलीला तो नवा स्पर्श अचानक सोसवला नसता. आम्ही दाढीसाठी तेच केले. ट्रिमर आधी नुसता बंद ठेवून हातात, मग चालू करून टेबलावर, मग मनगटाला, मग गालाला. चार महिने लागले. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की पुष्कळ जणी मैत्रिणींचे हसणे-बोलणे पाहून हुबेहूब तसे वागायला शिकतात, शाळेत खपून जातात आणि घरी येऊन कोसळतात. त्यांचे निदान कित्येकदा किशोरवयापर्यंत होतच नाही.

या वयात दोन गोष्टींकडे डॉक्टरांचे लक्ष हवे. पहिली म्हणजे फिट. स्वमग्न मुलांत, विशेषतः बौद्धिक अक्षमताही असलेल्यांत, आधी कधीही न आलेली फिट किशोरवयात प्रथम येऊ शकते. टक लावून क्षणभर थबकणे हे नेहमीच 'त्याचे तसेच आहे' म्हणून सोडून देऊ नये. दुसरी म्हणजे चिंता. स्वमग्न मुला-किशोरांपैकी साधारण पाचांत दोघांना निदान करण्याजोगा चिंतेचा विकार असतो. तो शब्दांत बाहेर येत नाही. वेळापत्रक बदलल्यावरचा आकांत, रात्रीची उडालेली झोप, नखांनी ओरबाडलेले हात या रूपांत येतो. अशा आकांताला हट्ट समजून दोन फटके दिले जातात. हट्टात मूल आपल्याकडे चोरून पाहत असते; आकांतात ते कोणाकडेच पाहत नाही, त्याला फक्त थांबता येत नसते. अनंत चतुर्दशीच्या रात्री डॉल्बीच्या भिंती मिरवणुकीतून जातात तेव्हा आमचे घर बंद करून आम्ही गारगोटीला जातो, आणि कानांवर बसणारे आवाजरोधक तरीही बरोबर असतात. मंडळांतील तरुणांशी माझे भांडण नाही, त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी आहेत. गणपती मलाही प्रिय आहे. गेली कित्येक वर्षे मी विसर्जन पाहिलेले नाही, एवढेच.

आणि तरीही याच काळात तो सर्वांत अधिक वाढला. चहा करू लागला, बुटांचे बंद बाराव्या वर्षी बांधू लागला, पैसे मोजून दूध आणू लागला. तेराव्या वर्षी त्याने आईला विचारले, "मी वेगळा का आहे?" आपण वेगळे आहोत हे कळणे ही वाढच आहे, पण तिच्याबरोबर दुःखही येते, आणि ते झेलायला घरात कोणी तयार नव्हते. त्याचा एकच मित्र आहे, तोही स्वमग्न, इचलकरंजीचा. दोघे भेटले की एकमेकांकडे न पाहता दोन तास महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या थांब्यांविषयी बोलतात आणि दोघेही अत्यंत आनंदात असतात. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले की अशा माणसांत आणि इतरांत जी गैरसमजाची दरी असते, ती दोन्हीकडून असते. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. त्या दोघांना गच्चीवर बोलताना पाहिल्यापासून मला हे पटले आहे.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ज्या अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात स्थान मिळवून दिले, त्यांचे पुढे काय झाले हे त्यांनीच १९७१ मध्ये लिहून ठेवले आहे. मोठ्या सरकारी संस्थांत टाकलेली मुले तेथेच विझून गेली. पहिल्या क्रमांकाचा मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्यांनी त्याच्या मोजण्याच्या वेडाला विहिरीची खोली मोजण्याचे काम दिले. तो पुढे बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आपल्या गावातच वारला. प्रत्येक स्वमग्न मुलात असा गणिती दडलेला असतो असे मुळीच नाही. तो समज सिनेमाने पसरवला आहे आणि आईवडिलांना त्याचा जाचच होतो. पण गाडी सत्ताविसाव्या वर्षी शिकता येते, हे सुनेला मी पुरवणी आली त्याच संध्याकाळी सांगितले.

आपल्याकडे घड्याळ थांबते ते बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि ते मुलाचे नव्हे. थेरपी केंद्रात गेले तर खुर्च्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या, भिंतींवर बदके आणि ससे, आणि आमचा नातू पाच फूट सहा इंच. चौथीपर्यंत ज्या शिक्षकांनी त्याला प्रेमाने सांभाळले, त्यांच्यानंतर आठवीत एका शाळेने सांगितले की इतर पालकांची तक्रार येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे नमूद आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे मी त्यांना लेखी दिले. उत्तर आले नाही. याच करवीर संस्थानात १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज पालक मुलाचा हात धरून शाळेच्या दारात उभा आहे. दंड कोणाला करायचा?

दुसऱ्या एका शाळेने त्याला घेतले, म्हणून तो पुढल्या वर्षी दहावीला बसेल, जादा वेळेची सवलत घेऊन. आजपासून तीन वर्षांत तो अठराचा होईल. ज्या पालकांना हे लागू पडेल त्यांनी आताच माहिती करून घ्यावी, की अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. अनेकांना हे बँकेच्या खिडकीवर कळते.

आपल्याला विनंती एवढीच की पुढल्या २ एप्रिलला पुरवणीत पंधरा आणि पंचवीस वर्षांच्या स्वमग्नांविषयी लिहावे, जमल्यास त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला एक दिवस मिळाला आणि केएमटीच्या वाहकांना एक तास मिळाला, तरी या शहरातल्या कित्येक घरांचे दिवस हलके होतील.

नातू अल्पवयीन आहे. त्याच्या खासगीपणासाठी माझे नाव छापू नये. पत्र आपल्या कार्यालयात तो स्वतः आणून देणार आहे, गंगावेशेतून केएमटीने, एकटा. मी पुढच्या बसने मागोमाग येणार होतो, पण आप्पांनी घरीच थांबायचे, असे त्याने वेळापत्रकात लिहून भिंतीवर लावले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व आजोबा
मंगळवार पेठ, कोल्हापूर